केळ्यातली गोळी

धाकट्या लेकीला मुलगा झाला त्या वर्षी यांचे हात फारच थरथरू लागले. ती बाळाला मांडीवर द्यायला पुढं आली, की हे आपले हात पाठीमागं घ्यायचे. म्हणायचे, "राहू दे गं, पडेल."

सरकारी संशोधन केंद्रात हे माकडं सांभाळायचे. कंपवातावरचं नवं औषध तिथं माकडांना देऊन बघत होते. एका म्हाताऱ्या माकडिणीचे हात तर अगदी स्थिर झाले होते. हे घरी येऊन तिचं कौतुक सांगायचे, आणि मी पेला धरून यांना पाणी पाजायची.

मग मीच केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"बाई, यांनाही द्या ना ते."

"मावशी, माणसाला अजून दिलेलं नाही. उलटलं तर?"

"सरकारचा पैसा म्हणजे लोकांचाच ना? मग आम्ही कोण?"

"लोकांचा आहे, म्हणूनच लोकांच्या जिवाशी खेळता येत नाही."

हे दारातच उभे होते. हसत म्हणाले, "जन्मभर मला माकड म्हणत आलीस. तेवढं बाईंना लिहून दे, मिळेल औषध."

बाई हसल्या नाहीत.

पुढं यांना चालवेना. नोकरी सुटली. थोड्याच दिवसांत बाईंचा निरोप आला. माकडीण दुसऱ्या कोणाच्या हातून गोळी घेईना, आणि औषधात खंड पडला तर इतक्या वर्षांचं काम वाया जाणार होतं.

"चल, ने मला," हे म्हणाले.

चाकांच्या खुर्चीतून नेलं. गोळी खुपसलेला केळ्याचा तुकडा माझ्या हातात देऊन बाई दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळल्या. मी तो यांच्या ओठांशी नेला.

"गिळा. कोणी बघत नाही."

यांनी तोंड फिरवलं.

"तिचं आहे ते. बाईंचं गणित चुकलं, तर पुढं कोणालाच मिळणार नाही."

मी तुकडा यांच्या बोटांत दिला. हात इतका हलत होता, की केळं गजांवर आपटू लागलं. माकडिणीनं हात बाहेर काढला, यांचं मनगट धरलं आणि थरथर थांबेपर्यंत सोडलं नाही. मग सावकाश तुकडा उचलला.

माणसांवरच्या चाचणीला सरकारनं पैसा मंजूर केला, तेव्हा नातू शाळेत जाऊ लागला होता.

हे गेले होते, त्याला पहिला दात आला त्या आठवड्यातच.