उमललेल्या फुलाचं लग्न

आम्ही सासू-सुना बियाण्यांच्या एकाच शेडमध्ये कामाला; त्या मुरलेल्या, मी नवखी. काम काय, तर टोमॅटोच्या फुलांची लग्नं लावायची! टोमॅटोच्या एकाच फुलात नवराही असतो आणि नवरीही. म्हणून कळी उमलायच्या आदल्या दिवशीच चिमट्याने आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पाकळ्या कापायच्या.

सासूबाईंची नजर अधू झाली होती. सुपरवायझरने तोंडावरच सांगितलं, "मावशी, या तपासणीत तुमची ओळ नापास झाली, तर तुम्ही क्रेट धुवायला."

"बघू की," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. पण घरी आल्यावर चिमटा पुन्हा पुन्हा पुसत बसल्या. बाई माझ्याशी उठता-बसता भांडतात, ते सोडा. पण वीस वर्षं हे नाजूक काम केलं आणि आता क्रेट? छे!

मग मी आगाऊपणा केला. रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या ओळीत शिरायचे, त्यांनी सोडलेली, उमललेली फुलं हेरायचे, पुंकेसर काढून पराग लावायचे आणि दोन पाकळ्या कापून पसार! म्हटलं, बिचारीला दिसली नसतील.

तपासणीत सुपरवायझरने भिंग लावून फूल न् फूल पाहिलं. सासूबाईंच्या ओळीत एकही चूक नाही. माझ्या ओळीत सात! त्या सात गेल्या खड्ड्यात. म्हातारीला मीच तारलं, या आनंदात मी तरंगत होते.

बाहेर पडताना सासूबाईंनी एप्रनच्या खिशातून मूठभर सुकलेली फुलं काढली. प्रत्येकाच्या दोन पाकळ्या कापलेल्या.

"ही तुझीच ना?"

"अहो, मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही."

"नाहीच दिसत. बोटांना कळतं. अगं बये, उमललेल्या फुलाचं लग्न आपलं आपण कधीच लागलेलं असतं. त्याचं बी आपल्या काय कामाचं? ती मी संध्याकाळी खुडायला ठेवायचे. तुझी रोज वेचून काढली, म्हणून वाचले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग पहिल्याच दिवशी ओरडला का नाहीत?"

सासूबाई जरा लाजल्याच. "माझ्यासाठी कुणी जेवण टाकून धावतंय, हे कधी पाहिलंच नव्हतं. म्हटलं, चालू दे चार दिवस."