कृतिकाच्या वहीतले ठिपके

टक्.

दुपारचे पावणेतीन. अद्वय नुकताच झोपला होता, मी पंखाही एकवर आणलेला, आणि कृतिकाचा फ्रॉक भिजवायच्या आधी झटकला तर खिशातून काहीतरी फरशीवर पडलं. मागोमाग आणखी एक, तो घरंगळत थेट फ्रिजखाली गेला. मी श्वास धरून पाळण्याकडे बघितलं. अद्वयने झोपेतच ओठ हलवले, मूठ कानाशी नेली आणि राहिला तसाच.

गुडघ्यांवर बसून गोळा केले. खिशात आणखी होते. सात चिंचोके. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले.

दुसरीतल्या मुलीच्या खिशात चिंचोके असायला शंभर साधी कारणं असतील. मला एकही सुचलं नाही. मला सुचल्या जागृती मिस.

जूनमध्ये शाळेच्या फळ्यावर तुकड्यांची यादी लागली तेव्हापासून माझ्या डोक्यात हे चाललं होतं. दुसरी अ जयाबाईंकडे, दुसरी ब जागृती मिसकडे. जयाबाईंना एकतीस वर्षांचा अनुभव. डोंबिवलीच्या याच शाळेत, याच वर्गात त्यांनी मला शिकवलं होतं. तीसपर्यंत पाढे, वळणदार अक्षर, नखं कापलेली आहेत का ते रोज बघणं, सगळं त्यांचं. आणि जागृती मिस तेवीस वर्षांच्या. पहिलीच नोकरी. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात स्ट्रॉ, रबरबँड, बाटल्यांची झाकणं आणि चिंचोके. कृतिका ब मध्ये गेली. त्या दिवशी मी घरी येऊन सूरजला म्हटलं, "आपल्या पोरीवर प्रयोग होणार." तो तेव्हा ऑफिसातून येताना शीळफाट्याला अडकला होता, फोनवर एवढंच म्हणाला, "होऊ दे की, पहिलीत तर रडायचीच."

पण वही बघितली असती तर त्यालाही शंका आली असती.

बावन्न वजा सत्तावीस. कृतिकाचं उत्तर पस्तीस. एकसष्ट वजा चौतीस, उत्तर तेहेतीस. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, मग तो वर असो की खाली, एवढंच तिला कळलेलं. आणि त्या चुकीच्या उत्तरांवर लाल फुली नाही, शेरा नाही, सही नाही. शेजारी पेन्सिलचा एक बारीक ठिपका. पानभर ठिपके. जयाबाईंच्या वर्गात अशी वही कोणी उघडून दाखवली असती का?

मी काय केलं, तर दुपारी दोघं झोपली की दप्तरातून वही काढायची, खोडरबरने ठिपका पुसायचा, पस्तीसमधला तीन पुसायचा आणि तिथे दोन लिहायचा. हात मुद्दाम वाकडा करून, कृतिकाच्या अक्षरात. उद्या मुख्याध्यापिकांनी वह्या मागवल्या तर माझ्या मुलीची अब्रू जायला नको. कुठली आई गप्प बसेल? तीन आठवडे मी हे केलं आणि त्यात वावगं काही वाटलं नाही.

शिवानी खालच्या मजल्यावर राहते, तिचा हर्षित कृतिकाच्याच वर्गात. शाळा सुटायच्या वेळी गेटवर ती नेहमी माझ्याआधी पोचलेली असते.

"काय गं, मिसला स्वतःला तरी वजाबाकी येते का?" ती म्हणाली. "हर्षितच्या वहीत ठिपकेच ठिपके. मी म्हटलं, संक्रांतीची रांगोळी काढतात की काय शाळेत?"

बायका हसल्या. मीही हसले.

"हसताय काय, मी अर्ज लिहिलाय. ब तुकडीला अनुभवी शिक्षिका द्या म्हणून. सही करा सगळ्यांनी. आणि पुरावा म्हणून वह्यांचे फोटो हवेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्याकडून नको गं. तुझ्या कृतिकाचं सगळं बरोबर असतं. हुशार आहे बाई तुझी, मिस काही का शिकवेना."

मी ते खोडून काढलं नाही. चौथ्या ओळीवर सही केली.

आता हे चिंचोके.

कृतिका आतल्या खोलीत जमिनीवर पालथी पडून मोर रंगवत होती. मी मूठ उघडून तिच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

ती मोराकडेच बघत राहिली. "चिंचोके."

"ते मला दिसतंय. कुठून आले?"

"शाळेतून."

"मिसने दिले?"

तिने मोराचं पुढचं पीस रंगवायला घेतलं.

"कृतू, शाळेत काय करता याचं? खेळता? पैजा लावता?"

"सांगायचं नाहीये."

"कोणी सांगितलं, सांगायचं नाही? मिसने?"

तिने निळा खडू इतका दाबला की तो मोडला. सात वर्षांच्या मुलीला घरी सांगू नको म्हणणारी बाई कसली शिक्षिका?

"बरं, बावन्नातून सत्तावीस गेले. किती?"

"पस्तीस," ती लगेच म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "नाही, पंचवीस." मग अगदी हळू, "कोणतं हवंय तुला?"

मी तिथेच ठरवलं. अर्जाची वाट बघत बसायची नाही.

संध्याकाळी कृतिकाला शिवानीकडे सोडलं, अद्वयला कडेवर घेतलं, वही पिशवीत टाकली आणि टिळकनगरला जयाबाईंकडे गेले. त्या भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या, समोर ताटात डाळिंब्यांचा ढीग.

"ये गं. बाळाला सतरंजीवर सोड, वाल तोंडात घालणार नाही एवढं बघ," त्या म्हणाल्या. मी तीस वर्षांची, दोन मुलांची आई, पण त्यांच्यासमोर माझे हात आपोआप मागे जातात.

"बाई, कृतिकाला तुमच्या वर्गात घ्या ना."

"का?"

मी सगळं सांगितलं. ठिपके, चिंचोके, सांगायचं नाही. बाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वही घेतली. एकेक पान उलटलं. एक पान तिरकं धरून उजेडाकडे केलं. अद्वयने वाटी पालथी केली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"वही तर छान आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळं बरोबर."

"वहीचं नाही हो बाई. तिला येत नाहीये."

"तिला येत नाही, मग वहीला कसं येतं?"

मी अद्वयला उचलायला वाकले. उचलण्यासारखं काही नव्हतं, तो मजेत होता.

"इकडे बघ," त्यांनी बोट ठेवलं. "हे सगळे आकडे ताठ, पेन्सिल दाबून काढलेले. हे कृतिकाचे. आणि उत्तरातला हा दोन. शेपटी खाली उतरून पुन्हा वर वळलेली. असा दोन आता कोणी काढत नाही. ही शेपटी येईना म्हणून एक मुलगी माझ्यासमोर आठवडाभर पाटीवर गिरवत होती. रडत रडत. आठवतं?"

मला आठवत होतं.

"मला वाटलं, तिच्यासारखा काढला," मी म्हटलं.

"हात वाकडा करता येतो. वळण जात नाही." त्यांनी वही मिटली नाही. "ठिपका कशाचा असतो, विचारलंस कोणाला?"

"नाही."

"माझा आहे तो. जागृती दर शुक्रवारी इथे येऊन बसते, तू बसलीयेस तिथेच. एकतीस वर्षं मी लाल फुल्या मारल्या. फुली बघितली की मूल पुसून टाकतं, शेजारच्याचं बघतं, मोकळं होतं. कुठे अडलं ते मला कधी कळायचंच नाही. मी तिला म्हटलं, मला ते बदलायला उशीर झाला, तू फुली मारूच नकोस. ठिपका दे. ठिपका म्हणजे इथे थांब आणि कसं केलंस ते मला सांग. ज्यांच्या वहीत ठिपका ती मुलं चिंचोके घेऊन तिच्याभोवती बसतात. दहाचे ढीग मोडून बघतात. पुसायचं काही नाही, चूक दिसली पाहिजे."

मी वहीकडे बघत होते. तिथे एकही ठिपका नव्हता. खोडरबरचे करडे डाग होते नुसते.

"पंधरा दिवसांपूर्वी जागृती मला कौतुकाने सांगत होती," बाई म्हणाल्या, "कृतिका घरी जाऊन आपली आपण सुधारून आणते. म्हणून तिला चिंचोक्यांतून उठवलं, पुढच्या गटात बसवलं."

"आणि तिने विचारलं नाही? कसं केलंस म्हणून?" माझा आवाज चढला. कोणाचं तरी चुकलेलं मला हवं होतं.

"नाही विचारलं. चुकलं तिचं. उत्तर बरोबर दिसलं की नवीन माणूस पुढे जातो. मी पोरीचा चेहरा बघितला असता. पण ते पुस्तकातून येत नाही गं, वर्गात वर्षं काढून येतं. तिलाही येईल, तुम्ही राहू दिलंत तर." त्यांनी पुन्हा एक वाल उचलला. "अर्जात तुझं नाव कितवं?"

त्यांना अर्ज माहीत होता.

"चौथं."

"हं."

"बाई, मिसना तुम्ही सांगाल का? वहीचं?"

"मी? वही माझी आहे का?"

परत येताना अद्वय खांद्यावर पेंगला. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मिस, माझं जरा चुकलं. मिस, ती वही मीच. एकही वाक्य शेवटापर्यंत जाईना.

शिवानीने दार उघडलं. "अर्ज सकाळीच देतेय हं मी. तेरा सह्या झाल्या."

"माझं नाव काढ."

"आं? का?"

"सांगते उद्या."

"आत्ता सांग की. जयाबाई काही बोलल्या का?" ती डोळे बारीक करून बघायला लागली. मी गेटवर जागृती मिसकडे असंच बघायचे. "कृतिकाला अ मध्ये घेतलं ना त्यांनी? एकटीचंच काम करून घेतलंस?"

"नाही गं. उद्या सांगते, खरंच."

तिने दार लावलं ते नेहमीपेक्षा जोरात.

घरी आल्यावर मी अद्वयला पाळण्यात ठेवलं आणि चिंचोके कृतिकाच्या हातात परत दिले. ती ते मुठीत धरून उभी राहिली. रागवायची वाट बघत.

"मी ओरडणार नाही," मी म्हटलं. "पण सांग."

"मी घेतलेले," ती म्हणाली. "मिसच्या डब्यातून. मिसना माहीत नाहीये. तू सांगू नको."

म्हणजे सांगायचं नाही हे मिसचं नव्हतं. तिचं होतं.

"कशाला घेतलेस?"

"मिस म्हणाल्या, तुला येतं, तू आता पुढच्या गटात बस. तिथे चिंचोके नाहीत. पण मला येत नाही. म्हणून घरी करणार होते." तिने मूठ उघडली. "रोज एकच आणते, म्हणजे कमी झालेले दिसत नाहीत. बावन्न झाले की करून बघणार. आत्ता सातच आहेत."

मी खाली बसले. तिला मांडीवर ओढलं. केसांना खडूचा वास येत होता.

"मग मिसना सांगायचं ना, येत नाही म्हणून."

"कसं सांगू? वहीत बरोबर असतं."

तिने दप्तरापाशी टाकलेल्या पिशवीतून वही काढली. बाईंनी तिरकं धरलेलं तेच पान नेमकं उघडलं. बोटाने तिने त्या दोनच्या शेपटीवरून सावकाश गिरवलं, खाली आणि मग वर. मग माझ्याकडे मान वळवली.

"आई, मी तर रोज पस्तीस लिहिते. मग पंचवीस कोण करतं?"