राक्षसाच्या पोटातला मासा

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मात्र उघडेच ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

टेकडीवर मांडी ठोकून एक राक्षस बसलाय. तीन मजली घराएवढा! अंग जुन्या खोक्यांच्या आणि मोडक्या दारांच्या फळ्यांचं, दाढी कुंपणाच्या पट्ट्यांची. त्याच्या मांडीवर तुमचा अख्खा वर्ग मावेल आणि बाईंनाही पाय पसरायला जागा उरेल. दिसला? आता त्याच्या पोटासमोरची ती बुटकी मुलगी बघा. घरात तिला सगळे ठेंगू म्हणतात.

ठेंगूची आत्या सुतार. हा राक्षस तिनेच, चार सोबती घेऊन बांधला. सुट्टीभर ठेंगू आत्याकडे जुन्या फळ्यांचे खिळे उपसत होती. एका फळीतली गाठ निखळून गोल भोक पडलं होतं. त्या भोकाचा डोळा करून ठेंगूने भोवती निळा मासा रंगवला. ती फळी आत्याने पोटासाठी ठेवली, आणि शाळा उघडताच ठेंगूने वर्गभर सांगून टाकलं, "राक्षसाच्या पोटावर माझा मासा आहे!"

आणि आज पोटावर मासा नव्हता.

"पोहत पोहत गेला वाटतं," दादा म्हणाला. मग आपल्या डोक्याच्या वर, राक्षसाच्या पोटावरचं एक भोक दाखवून तो खदाखदा हसला. "मासा नाही, पण बेंबी आहे बघ!"

"आहे म्हणजे आहे!"

"थापाडी! उद्या शाळेत सगळ्यांना सांगतो."

ठेंगूचे डोळे भरून आले. पण तिने पुन्हा एकदा नीट पाहिलं. पोटाच्या सगळ्या फळ्या राखाडी होत्या. मासा तर तिने स्वच्छ, पिवळ्या बाजूवर काढला होता. राखाडीवर रंग उठून दिसत नव्हता म्हणून. आणि फळी ठोकताना आत्या दरवेळी काय म्हणायची? "जुनी बाजू बाहेर. ऊनपाऊस खाऊन ती मुरलेली असते."

म्हणजे मासा आत होता!

ठेंगू धावत राक्षसाच्या पाठीमागे गेली. तिथे दुरुस्तीसाठी आत शिरायला ठेवलेल्या छोट्या दाराचे स्क्रू आत्या आवळत होती.

"आत्या, मी आत जाऊ?"

"जा. डोकं सांभाळ."

"तिचं डोकं कुठे पोचतंय!" म्हणत दादाही मागोमाग घुसला, आणि खांद्यांशी अडकला.

आत्याने त्याला पाय धरून बाहेर ओढलं. "उंची घरी ठेवून यायचीस रे!"

आत अंधार होता आणि लाकडाचा वास. फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या. त्या रेघांमध्ये उजेडाचा एकच गोल ठिपका होता. ठेंगू आडव्या वाशावर चढली. ठिपक्याभोवती निळे खवले, निळी शेपूट, आणि डोळ्यात काठोकाठ ऊन!

"दादा!" ती ओरडली. "पुढे जा, बेंबीपाशी!"

दादा कपडे झटकत पुढे आला. भोकातून मासा दिसेल म्हणून त्याने टाचा उंचावल्या, तोच बेंबीतून एक बोट बाहेर आलं आणि वळवळलं. राक्षस बघायला आलेली माणसं हसू लागली. दादाने ते बोट पकडायला हात वर केला.

ठेंगूने बोट झटकन आत घेतलं, भोकाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून गरजली, "कोण रे तो, माझ्या बेंबीला हात लावणारा?"