पल्याड म्हणजे कुठं?

कारधा आणि गणेशपूर. मध्ये वैनगंगा आडवी आली नसती तर ही दोन गावं एकमेकांच्या अंगणात पापड वाळवत बसली असती. कारध्यात लग्नाचा बँड वाजला की गणेशपुरातली पोरं उगाच नाचतात, एवढंच काय ते अंतर. पण रंजूला विचाराल तर त्या एवढ्याशा अंतरात तिच्या पोरीचा जीव अडकला होता, आणि घरात त्याची कुणाला म्हणून फिकीर नव्हती.

जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हापासून रंजू, तिचा नवरा खेमराज, सासू सखाबाई, सासरा श्यामलाल आणि पोरगी प्रेरणा कारध्यात भाड्याच्या खोल्यांत राहत होते. आता घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं, त्याला खोल्या हव्या झाल्या. दुसऱ्याच्या दारात किती दिवस काढणार? घर विकत घ्यायचं हे सगळ्यांनाच पटलं. कुठं घ्यायचं, तिथं घोडं अडलं.

खेमराज ढिवर. नदीत जाळं टाकायचं आणि पहाटे मासोळी बाजारात न्यायची, दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं. त्यानं पाहिलेलं घर कारध्याचंच. घाटाला लागून, ऐसपैस अंगण, जाळी वाळवायला जागा, शेजारी सगळे ओळखीचे मासेमार. रंजूनं पाहिलेलं घर गणेशपूरचं. बोळातलं, दीड खोलीचं, दार उघडलं की समोर शेजाऱ्याची मोरी. त्या घरात चांगलं म्हणावं असं एकच होतं. तिथून भंडाऱ्याचा मोठा दवाखाना हाकेवर होता.

प्रेरणाला सिकलसेल होता. पोर नववीत, बोलायला चुणचुणीत, हसायला लागली की थांबायची नाही. आणि मग एखाद्या दिवशी हाडं अशी ठणकायची की गुडघे पोटाशी घेऊन ती गुराढोरासारखी ओरडायची. दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं, औषध दिलं की हळूहळू उतार पडायचा. पण वेळेत न्यायला पाहिजे! डॉक्टरीणबाईंनी रंजूला समोर बसवून सांगितलं होतं, "उशीर करत जाऊ नका, बाई. एखाद्या वेळी आमच्या हातात काही राहणार नाही."

आणि उशीर झाला होता. गेल्या श्रावणात नदी फुगलेली, डोंगा, ती लहानशी होडी, पाण्यात घालायची सोय नाही, आणि पुलावर ट्रक आडवा होऊन दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा. ऑटो मध्येच अडकला. प्रेरणा ओरडायची थांबली तेव्हा रंजू ऑटोतून खाली उतरली. तिनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि ट्रकांच्या मधून, लोकांच्या शिव्या खात, पूल पायी ओलांडला. पोर वाचली. पण त्या पुलाचं नाव काढलं की रंजू अजून पोरीला जवळ ओढायची.

"मी कारध्यात घर घेऊ देत नाई," ती म्हणायची.

"मंग गणेशपुरात मी काय करू? लोकाइच्या मोऱ्या मोजू?" खेमराज म्हणायचा.

भांडून भांडून दोघंही थकले. शेवटी ठरलं, बाबा सांगतील ते. श्यामलालनं दोघांचं ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "इचार करून सांगतो." आणि त्याच आठवड्यात म्हाताऱ्याला लकवा मारला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो पडून होता. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग गेलेलं. दोन्ही घरांचे मालक तर रोज फोन करून जीव खात होते. त्या दुपारी सखाबाई घरी प्रेरणाजवळ होती, खाटेपाशी हे दोघंच. खेमराज वाकून म्हणाला, "बाबा, घर कुठं घेऊ?"

म्हाताऱ्याच्या ओठांची नुसती धडपड चालली. लाळ गळाली, ती रंजूनं पदरानं पुसली. मग शब्द आला, तुटका, पण स्पष्ट.

"पल्याड."

रंजूनं खेमराजकडे पाहिलं. ते सगळे होते भंडाऱ्यात, गणेशपूरच्या काठाला. पल्याड म्हणजे नदीच्या पलीकडे, म्हणजे कारधा. खेमराजनं तिच्याकडे पाहिलं नाही. खाली फरशीकडे बघत तो म्हणाला, "ऐकलं ना? कारधा."

म्हातारा डाव्या हातानं खाटेची दांडी बडवायला लागला. "पल्याड... पल्याड..." डोळ्यांतून पाणी. रंजूला वाटलं त्याला त्रास होतोय. तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला आणि म्हणाली, "समजलं, बाबा. समजलं. तुमी शांत राहा." त्या रात्रीच तो गेला.

मेलेल्या माणसाच्या शब्दापुढं कोण काय बोलणार? रंजूनं गणेशपूरचं नाव सोडलं. कारध्याच्या घराला विसार दिला गेला. रजिस्ट्री शुक्रवारी. बाईच्या नावावर घेतलं तर खर्च थोडा कमी लागतो असं कुणी तरी सांगितलं, म्हणून घर रंजूच्या नावावर होणार होतं. घ्या! नको असलेलं घर, आणि मालकीण तीच.

एकदा ती प्रेरणाला घेऊन ते घर बघून आली. पोरगी उड्या मारत गच्चीवर गेली आणि ओरडली, "आई, ये ना! इथून दवाखाना दिसते!" खरंच दिसत होता. पाण्याच्या पार तिकडे, उन्हात, पांढराधोप. रंजूनं कठड्याला धरलं आणि पोरीला दिसू नये म्हणून पाठ फिरवून रडून घेतलं.

तेरवीच्या सामानासाठी ती सासूबरोबर भंडाऱ्याच्या बाजारात गेली. सखाबाईनं भोपळा वाजवून बघितला, दुकानदाराशी हुज्जत घातली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बपेऱ्याहून तिची बहीण शकुनबाई बोलत होती.

"नाई वो, घरी नाई," सखाबाई फोनवर ओरडली, कारण फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जातं यावर तिचा विश्वास नव्हता. "पल्याड आलो आमी, बजारात. अल्याड गेलो का लावतो तुले."

रंजूच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"आई, तुमी चुकल्या ना. आपण भंडाऱ्यात उभ्या आहोत. हे अल्याड झालं. पल्याड तं कारधा."

सखाबाई हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. "अवो, तुमी तरावाची मानसं! तरावाले कुठून येते अल्याड-पल्याड? तिकडं बांधाच्या आत पानी आन बाहेर धान, झालं तुमचं!" रंजूचं माहेर नाकाडोंगरीकडचं, तलावातल्या मासोळीवर जगणारं, आणि सासूला त्यावरून टोमणा मारल्याशिवाय करमायचं नाही. "आमा नदीवाल्याइचं तसं नसते, बाई. डोंगा ज्या काठाले बांधला ते अल्याड. मानूस कुठं का उभा राहीना. माह्यावाला डोंगा कारध्याले बांधला हाये. मंग पल्याड कोनतं?"

"गणेशपूर," रंजू म्हणाली.

"हां! हे तं आमच्या शेंबड्या पोट्ट्यालेबी समजते."

"यायलेबी... प्रेरणाच्या बाबाले समजते?"

"खेमराजले? बाप्पा! चालता येत नव्हतं तेव्हापासून डोंग्यात बसते तो. पर काहून इचारून राहिली?" सासूचं हसू हळूहळू मावळलं. "वो रंजू, झालं तरी काय तुले?"

"बाबा काय बोलले होते, तुमाले काय सांगतलं यायनं?"

"कारधा म्हनले, अस्सं सांगतलं."

रंजू भोपळा, पिशवी, सासू सगळं तिथंच टाकून निघाली. ऑटोत बसली तेव्हा तिला खाटेची दांडी ऐकू येत होती. म्हातारा तिच्यासाठी भांडत होता, मरता मरता तिच्या पोरीसाठी हात आपटत होता, आणि तिनंच तो हात दाबून धरला. समजलं म्हणाली. काय समजलं होतं तिला, कपाळ? पुलावर तिनं तोंडात पदर कोंबला, नाही तर ती किंचाळली असती.

घाटावर खेमराज फाटलेलं जाळं शिवत बसला होता. वरच्या पायरीवर प्रेरणा शाळेचं पुस्तक घेऊन बसली होती, तिच्याकडे रंजूचं लक्षच गेलं नाही. ती सरळ नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"डोंगा कुठं बांधला हाये?"

"हा काय, समोर. काहून?"

"मंग पल्याड म्हणजे कुठं?"

खेमराजची सुई थांबली. त्यानं मान वर केली नाही, आणि तेवढ्यावरूनच रंजूला सगळं कळलं. तिला वाटलं होतं तो नाही म्हणेल, चुकलो म्हणेल, निदान खोटं तरी बोलेल.

"मालूम होतं मले," तो म्हणाला.

"बापाचा शब्द फिरवला तुमी? आपल्या पोरीच्या जिवावर?"

"हो, फिरवला!" तो एकदम उसळला, आणि मग त्याचा आवाजच फुटला. "गाव बुडलं, घर बुडलं, बाप चालला होता. एवढी नदी राहिली हाये माह्याजवळ. आन पोरीचं कोनं सांगावं, रंजू? डॉक्टरच हात वर करून राहिले. उद्या ती नाई राहिली, तं मी त्या बोळात भिंतीकडं पाहत बसू का? नदी तं राहीन ना... नदी तं राहीन."

रंजूला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि हा माणूस पोरीला मनातल्या मनात कधीच स्मशानात पोचवून आलाय हे कळून त्याच्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तेवढ्यात मागं पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

प्रेरणा पायऱ्या उतरून आली. तिनं बापाकडे पाहिलं नाही. तिनं आईचं बोट धरलं, लहानपणी धरायची तसं.

"आई, घरी चाल ना."

घरी. कोणत्या घरी? रंजू वाकली आणि तिनं खुंट्याला बांधलेला डोंग्याचा दोर सोडला. पोरीला आधी बसवलं, मग स्वतः चढली, आणि वल्ह्यानं काठ मागं ढकलला. नदी तिची नव्हती, खरं आहे. पण धरणानं नदीचं पाणी असं तुंबवून ठेवलं होतं की आता तिला धार उरली नव्हती. ती एक मोठा थोरला तलावच झाली होती. आणि तलावात डोंगा हाकणं रंजूला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"रंजू! कुठं जाऊन राहिली? रंजू, डोंगा आन माघारी!"

ती वळली नाही. मध्यावर आल्यावर प्रेरणानं एक पाय पोटाशी घेतला. "दुखून राहिलं?" रंजूनं विचारलं. "थोडंसं," पोरगी म्हणाली, आणि थोडंसं म्हणजे किती ते रंजूला चांगलं ठाऊक होतं. तिनं दात खाऊन वल्हं मारलं. गणेशपूरच्या काठाला बाभळीचं एक झाड होतं. तिनं त्याच्या मुळाला दोर आवळून बांधला, एक गाठ, वर दुसरी गाठ, आणि पोरीला हात देऊन उतरवलं.

फोन वाजत होता. पलीकडे घाटावर खेमराज एवढासा दिसत होता, कानाला फोन लावून उभा.

"रंजू, डोंगा कुठं नेला तू? कुठं हायेस?"

"अल्याड," रंजू म्हणाली. "डोंगा बांधला मी. शुक्रवारी त्या घराच्या कागदाले मी अंगठा देत नाई. तुमी पल्याड उभे हाये. पोरीचं दुखनं सुरू झालं, मी दवाखान्यात नेऊन राहिली. यायचं असन तं पुलावरून या. जाम नसला तं येऊन पोचान."