आईची कंप्लेंट

आठ दिवस आमच्या बोरिवलीच्या घरात नेटची वाट लागली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये नेमकं माझं तोंड वासलेलं असतानाच स्क्रीन थिजायची, आणि मेले सगळे त्याचे फोटो ग्रुपवर टाकायचे.

कस्टमर केअरचं रोज एकच पालुपद: बंद करून चालू करा. राऊटरचं भिंतीवरचं बटण दाबून दाबून माझं बोट झिजलं. शेवटी फोनवर मी इतकी ओरडले, की तासाभरात त्यांचा दुरुस्तीवाला निमेश दारात हजर.

“राऊटर कुठाय, मॅडम?”

“किचनमध्ये, कपाटावर.”

निमेश स्टुलावर चढला आणि बघतच राहिला. राऊटरवर स्टीलचं भलंमोठं पातेलं होतं, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं.

“हात लावू नको रे!” आई धावत आली. “आंबोळीचा पीठ फुगताहा!”

थंडीत पीठ आंबत नाही, म्हणून तिने ही गरम जागा शोधली होती.

“आई, आठ दिवस मी जगाशी भांडतेय गं!”

“आणि जाळीदार आंबोळी रोज कोण हाणता?”

स्टीलमुळे सिग्नल अडत होता, आणि तापून तापून राऊटरही कामातून गेला होता. निमेशने नवीन बसवला. नेट सुसाट!

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी दहा मिनिटं झकास दिसले. मग बोलता बोलता पुन्हा थिजले, तोंड वासूनच.

तेवढ्यात किचनमधून आईचा फोनवरचा आवाज आला.

“कस्टमर केअर? कंप्लेंट लिवून घे. पातेला वर ठेवलंय, तरी तुमचो नवीन राऊटर तापणा नाय. माका जुनोच व्हयो.”