फलाटाला लागल्याशिवाय

कोंडीरामचा 'येईल' या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. जामखेडच्या बस स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत बसलेला माणूस तो. 'साहेब, नगर गाडी कधी येईल?' असं कुणी विचारलं की हा मान वर न करता म्हणायचा, 'आल्यावर दिसंल.' गाडी फलाटाला लागली, कंडक्टरनं खिडकीत तोंड दाखवलं, की मगच माइक हातात घ्यायचा. लोक शिव्या घालायचे. पण एकतीस वर्षांत आपण एकदाही खोटं पुकारलं नाही, याचा त्याला भारी तोरा होता.

रिटायर होऊन खर्ड्याला घरी बसला तरी ती खिडकी काही सुटली नाही. चार वर्षांपूर्वी पोरगा तुषार 'मी परमनंट होणार' म्हणून गावभर पेढे वाटून आला, आणि कंपनीनं दुसऱ्याच आठवड्यात हातात नारळ दिला. त्या दिवशी कोंडीरामनं ओट्यावर बसून फर्मान काढलं, "या घरात 'होणार' हा शब्द पुन्यांदा काढायचा न्हाई. गाडी फलाटाला लागली की बोला. तवर गप." पुढं तुषार सुप्याच्या एमआयडीसीत लागला आणि शनिवारचा शनिवार घरी यायला लागला. पण ती नोकरीसुद्धा त्यानं बापाला पहिला पगार झाल्यावरच सांगितली.

कोंडीरामची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो आणि सून दीपा, दोघंच. दीपा जामखेडच्या एका दवाखान्यात नर्स होती. ती सासऱ्याला मामा म्हणायची, गुडघ्याला रोज तेल चोळायला द्यायची, गोळ्या वेळेवर पुढ्यात ठेवायची. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तक्रारीला जागा नसली की कोंडीरामला जास्तच संशय यायचा. त्यात गेले दोन महिने ती ड्युटी सुटल्यावर इंग्रजीच्या क्लासला बसत होती. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "सहज." आता सहज कुणी इंग्रजी शिकतं का? सहज माणूस शेंगा खातो.

तेव्हा एके दिवशी ती ड्युटीवर गेल्यावर त्यानं घर धुंडाळलं. वही निघाली तांदळाच्या डब्याखाली. वही ही काय तांदळाखाली ठेवायची वस्तू आहे? त्यानं चष्मा लावला. पाट्या आणि रजिस्टरं वाचण्यापुरतं इंग्रजी त्याला येत होतं. वहीत वाक्यांचे चार भाग पाडलेले होते. तिसऱ्या भागात एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. 'मामा इज मूव्हिंग टू केडगाव ऑन द टेन्थ.' दहा तारखेला मामा केडगावला राहायला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, असेल दुसऱ्या कुणाचा मामा. पण दुसऱ्या भागात लिहिलं होतं, 'मामा इज गोइंग टू बी व्हेरी अँग्री.' म्हणजे मामा लई चिडणार. म्हणजे आपलाच. चौथ्या भागात होतं, 'द नगर बस लीव्हज ॲट सेवन फिफ्टीन.' सव्वासातची गाडी, वेळ अगदी बरोबर. वेळ बरोबर म्हणजे बाकीचंही बरोबर असणार, असा त्यानं हिशेब बांधला. कोपऱ्यात 'केडगाव' लिहून एक फोन नंबर दिला होता, तो त्यानं तळहातावर उतरवून घेतला.

केडगाव म्हणजे नगरला खेटूनच. ते नाव वाचून तो हादरला, त्याला कारण होतं. त्याच्या जोडीचा बजरंग ड्रायव्हर. गेल्या दिवाळीत पोरांनी 'लग्नाला चाललोय' म्हणून त्याला गाडीत घातला आणि नगरच्या बाजूला एका वृद्धाश्रमात नेऊन सोडला. बजरंगनं फोनवर सांगितलं होतं, 'कोंड्या, नवं धोतर नेसून बसलो हुतो रं मी.' ते वाक्य कोंडीरामच्या कानातून गेलं नव्हतं. म्हातारपणी दार कुणाचं हा प्रश्न त्याला रोज सतावायचा, आणि आता त्याचं उत्तर सून परस्पर इंग्रजीत लिहून मोकळी झाली होती.

तरी माणूस पक्का. खात्री केल्याशिवाय पुकारायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो जामखेडला क्लासवर जाऊन धडकला. अजिनाथ सर म्हणून तरुण मास्तर होता. नातीला घालायचंय, अशी थाप मारून कोंडीरामनं विचारलं, "इंग्रजीत म्होरचं कसं बोलत्यात वो?"

"एकच साचा नसतो, काका," सर म्हणाले. "आत्ता, या घटकेला मनात आलं, 'थांबा, मी चहा सांगतो', तिथं विल. आधीच मनाशी ठरवलंय, किंवा ढग बघून वाटतंय की आता पडतोय, तिथं गोइंग टू. समोरच्याशी बोलणं होऊन दिवस, वेळ पक्की झाली, तिथं आय ॲम मीटिंग, आय ॲम मूव्हिंग. आणि वेळापत्रकात छापलेलं असेल तर नुसतं बस लीव्हज."

"म्हंजी तिसऱ्यातलं समोरच्याशी बोलून पक्कं झाल्यालं?"

"तारखेसकट."

"पोरं वहीत खोटंनाटं बी लिहीत असतील की."

"माझ्याकडं नाही चालत. 'राम आंबा खाईल' असलं लिहिलं की मी पान फाडतो. ज्याच्या घरात जे खरंच ठरलंय तेच लिहायचं. तरच डोक्यात राहतं."

सरांनी खरंच चहा सांगितला, पण कोंडीराम तो तसाच ठेवून उठला. स्टँडवर येऊन त्यानं बाकावर बसून नंबर लावला.

"केडगावच का?"

"व्हय, केडगाव. कोण बोलतंय?" पलीकडं कुणी वयस्क माणूस होता.

"खर्ड्याच्या कोंडीरामची जागा ठेवलीय का तुमी?"

"हाय की. दीपाताईंचे सासरे ना? धा तारखेपासनं खालची खोली राखून ठेवलीय. गुडघ्यानं अधू हायेत म्हणून जिना नको, संडास खुर्चीचा पाहिजे, खाट खिडकीपाशी पाहिजे, समदं सांगून गेल्यात त्या."

सगळं सांगून गेली. कोंडीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं माइकवरचा जुना आवाज काढला. "जागा रद्द करा. म्हातारा गेला."

"गेला? कधी?"

"काल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

पुढचे तीन दिवस तो दीपाकडं चोरावर नजर ठेवल्यासारखा बघत होता. तिनं भरीत केलं, तर हा मनात म्हणाला, कापायच्या आधी बोकडाला चारतातच. तिनं त्याचे दोन नवे शर्ट इस्त्री करून ठेवले, तर त्याला बजरंगचं धोतर आठवलं. शुक्रवारी ती दवाखान्यातून आली ती गाणं गुणगुणत. गुणगुण बाई, म्हणाला तो, केडगावची गाडी मी कवाच रद्द केलीय.

शनिवारी संध्याकाळी तुषारची वाट बघत दीपा भाकरी थापत होती आणि कोंडीराम समोर ताट घेऊन जेवत होता. तिचा फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"दीपाताई, मी श्रीमंतराव, केडगावहून, घरमालक. लई वाईट झालं बघा. राख सावडून व्हायच्या आधी फोन करू नये म्हणून थांबलो हुतो. काय झालं हुतं सासऱ्यांना?"

दीपानं ताटाकडं पाहिलं. "मामा जेवतायत," ती म्हणाली.

मग श्रीमंतराव चाचरत म्हणाले, "मला तर फोन आल्ता, म्हातारा गेला म्हणून. कालच कॉलेजच्या दोन पोरींना खालची खोली दिली मी. शब्द दिला, ताई. आता तुमच्या दोघांच्या शेजारची वरचीच हाय. जिना हाय अठरा पायऱ्यांचा. विचार करून सांगा." फोन बंद झाला.

कोंडीरामच्या हातातला घास हातातच राहिला. घरमालक, म्हणजे आश्रम नव्हता तर.

"तुम्ही वही वाचलीत. हा नंबर तिच्यातच होता," दीपा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "नगरच्या हॉस्पिटलात मागं इंटरव्ह्यूला इंग्रजीवरून घालवलं मला, म्हणून क्लास लावला. या वेळी झालं. ऑर्डर काल हातात आली. ह्यांना सुपा जवळ, मला नगर जवळ, आणि तुम्ही आमच्यात. आज हे आले की दोघं मिळून सांगायचं ठरलं होतं. तोवर कसं सांगायचं, मामा? नियम तुमचाच आहे."

"मला वाटलं..." कोंडीराम म्हणाला.

"खालच्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती. पुण्याच्या सगळ्या गाड्या तिथूनच जातात. तीन घरं बघून ती धरली होती मी, त्या खिडकीपायी."

त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. एकतीस वर्षं खोटं पुकारलं नाही म्हणून मिरवणाऱ्या माणसानं पहिल्यांदा खोटं पुकारलं होतं, आणि ते स्वतःच्याच मरणाचं. घास त्यानं ताटात ठेवला आणि डोळे पुसले, ते तिच्यासमोरच.

तव्यावर भाकरी करपायला आली होती. दीपानं ती उलटली.

"अठरा पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "तुमचा गुडघा हा असा. मी श्रीमंतरावांना काय सांगू?"

कोंडीरामनं गुडघ्यावर हात ठेवला. वरची खोली त्यानं पाहिली नव्हती, जिना पाहिला नव्हता, ऑर्डरचा कागदही पाहिला नव्हता.

"चढीन," तो म्हणाला.

दीपानं तवा खाली उतरवला. मग हात धुऊन तिनं केडगावला फोन लावला.