झाला की वाटला

सायमन ग्लुकस्टर्न एकतीस वर्षं क्लीव्हलँडच्या एका विद्यापीठात व्यवस्थापनाच्या मुलांना वाटाघाटी शिकवत होता. कारखाना कसा विकावा, संपावर गेलेल्या कामगारांना टेबलापाशी कसं आणावं, हे त्याच्याकडून शिकून गेलेली पोरं आज मोठमोठ्या कंपन्या चालवतात. त्याची बायको आर्लीन म्हणायची, "अख्ख्या अमेरिकेला घासाघीस शिकवलीस, आणि बेकरीवाल्याने जळका पाव दिला तरी थँक्यू म्हणून घरी घेऊन येतोस."

त्याचं दुसरं काम बिनपगारी होतं. तो स्वतः ज्यू, आणि ज्यू-द्वेषाविरुद्ध वीस वर्षं भांडत होता. पत्रं लिही, सभा घे, ज्यू मुलांच्या तक्रारी घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घाल. यात भलेपणा होता, पण एक जुनी टोचणीही होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख चारचौघांत म्हणाला होता, "वाटाघाटी शिकवायला तुमच्यातला माणूस मिळाला हे बरं झालं. तुमच्या रक्तातच असतं ते." सगळे हसले. सायमनही हसला. नोकरी कच्ची होती, घरात तान्हं मूल होतं, म्हणून हसला. त्या हसण्याची लाज त्याला अजून वाटायची, आणि वाटायलाच हवी होती.

ऑक्टोबरात ताल्या बेरकोविच त्याच्या खोलीत आली. दुसऱ्या वर्षाची, त्याच्या वर्गातली, पहिल्या बाकावर बसून उलटे प्रश्न विचारणारी. तिने पिशवीतून एक मोजा काढला आणि मोज्यातून तिची मझुझा. प्रत्येक ज्यू घराच्या चौकटीला तिरपी ठोकलेली असते ती बोटभर डबी, आत प्रार्थना लिहिलेला चामड्याचा तुकडा. डबी दुमडली होती, आतला तुकडा फाटला होता.

"आजोबांची होती," ती म्हणाली. "काल वसतिगृहात माझ्या दारावरून उपटली. दारावर मार्करने लिहिलं, तुमच्या देशात परत जा. माझा जन्म इथून वीस मिनिटांवर झालाय, सर."

"सुरक्षावाले काय म्हणाले?"

"त्यांनी नोंद केली, वस्तू सैल असावी. दोन स्क्रू होते. मी स्वतः पिळले होते."

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली आणि सायमनला अध्यक्ष केलं. ताल्याला साक्ष द्यायची नव्हती. नाव बाहेर फुटणार हे तिला कळत होतं. सायमनने तिला तीनदा समजावलं. कागदावर आल्याशिवाय काही झालंच नाही असं धरतात हे लोक, असं म्हणाला.

"मग कागदावर काय येईल?" तिने विचारलं.

"जे झालं ते. ज्यू-द्वेषातून हल्ला झाला, असं सरळ लिहीन. शब्द देतो."

"मला बाकी काही नको. तेवढं एक वाक्य हवंय."

तिने साक्ष दिली. नाव आठवड्याभरात फुटलं. प्रकल्पातल्या दोघी तिचा गट सोडून गेल्या, खोलीतल्या मैत्रिणीने दुसरी खोली मागून घेतली. जेवणाच्या हॉलमध्ये ती एकटी बसू लागली. ती सायमनकडे याची तक्रार घेऊन आली नाही. वाक्याची वाट बघत राहिली.

फेब्रुवारीत डीन ब्रूस पेनिंग्टनने सायमनला बोलावलं. पेनिंग्टन गोड माणूस. त्याने आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि कुणाचं काही केलंही नव्हतं.

"अहवालाचा मसुदा झकास आहे, सायमन. फक्त एका शब्दाचा प्रश्न आहे. तू लिहिलंयस, हल्ला झाला. आपले वकील म्हणतात, विद्यार्थिनीला हल्ला झाल्यासारखं वाटलं, असं लिहू."

"वाटलं? डबी काय तिच्या मनात दुमडली?"

"अरे, मी समजतो. तू समजतोस. वकील समजत नाहीत." पेनिंग्टनने एक कागद पुढे सरकवला. "आणि हे मी तुला आजच सही करून देतो."

कागदावर सायमनने बारा वर्षं मागितलेलं सगळं होतं. ज्यू-द्वेषाच्या तक्रारींसाठी वेगळी कचेरी, तिथे पूर्णवेळ माणूस, सगळ्या प्राध्यापकांना दरवर्षी सक्तीचं प्रशिक्षण. सायमनने कागद दोनदा वाचला. एका क्रियापदाच्या बदल्यात हे सगळं. असा सौदा वर्गात कुणी करून दाखवला असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या. ज्याच्या वतीने बोलायला बसलात त्याला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हेही तो वर्गात दरवर्षी सांगायचा. त्या दिवशी त्याने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, ज्यूंच्या आठवडी सणाची, शब्बाथची संध्याकाळ. आर्लीनने मेणबत्त्या लावल्या, पावावरचा रुमाल काढला. सायमनने खुशीत सगळं सांगितलं.

"त्या पोरीला विचारलंस?" आर्लीन म्हणाली.

"वेळ नव्हता."

"फोन खिशातच असतो ना तुझ्या?"

"आर्लीन, पुढच्या शंभर मुलांचं भलं होईल."

"ती शंभर मुलं साक्षीला आली होती का?" तिने त्याच्या ताटात कोंबडी वाढली. "जेव. गार होतंय."

अहवाल मार्चमध्ये निघाला. पेनिंग्टनने भाषणात सायमनला विद्यापीठाची सदसद्विवेकबुद्धी म्हटलं. लोक उठून उभे राहिले. ताल्या तिथे नव्हती. ती दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत आली आणि बस म्हटल्यावरही बसली नाही.

"वाचला मी," ती म्हणाली.

"ताल्या, कचेरी मिळाली आपल्याला. बारा वर्षं मी..."

"तिथे काय विचारणार, सर? काय वाटलं ते?"

सायमनने टेबलावरचा अहवाल उलटा करून ठेवला.

"गट सोडून गेलेल्या त्या दोघी काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, बघ, तुमच्याच माणसाने लिहिलंय, तुला वाटलं म्हणून. दुसऱ्या कुणाची सही असती तर मी भांडले असते. तुमची सही दाखवल्यावर काय बोलणार?"

"चुकलो मी. तुला विचारायला हवं होतं. माफ कर."

"करीन कधीतरी. आज जमणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता, आणि सायमनला तेच सोसेना. "मी शिकागोच्या विद्यापीठात बदली घेतेय. शिफारसपत्र हवंय. तुमच्या विषयात पहिली आले होते, तेवढं लिहा. समितीचं काही लिहू नका."

"का? तू साक्ष दिलीस, केवढं धैर्य लागतं त्याला. तिथल्या लोकांना कळायला हवं."

"नको. तिथेही तुमच्यासारखे कुणी भले सर असतील. ते मला परत साक्षीला उभं करतील."

सायमनने कागद पुढे ओढला आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. एखादा शब्द बदलू का, असं त्याने विचारलं नाही.